होमी जहांगीर भाभा

होमी जहांगीर भाभा (३० ऑक्टोबर १९०९, मुंबई – २४ जानेवारी १९६६, माँ ब्लाँ पर्वत) हे भारतीय सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ, टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे संस्थापक-संचालक आणि भारताच्या अणुऊर्जा आयोगाचे पहिले अध्यक्ष होते. सामान्य वाचकाला ते भारतीय अणुऊर्जा कार्यक्रमाचे शिल्पकार म्हणून परिचित आहेत. जगभरच्या भौतिकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत मात्र त्यांचे नाव निराळ्या कारणाने येते. इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन हे कण परस्परांवर आदळून कसे विखुरतात याचे त्यांनी केलेले गणित ‘भाभा प्रकीर्णन’ या नावाने ओळखले जाते. भाभांची सर्वांत महत्त्वाची सैद्धांतिक कामे त्यांच्या वयाच्या तिशीपूर्वीची आहेत. मराठीतील त्यांच्या चरित्रलेखांत या कामांना सहसा एखाद-दुसरे वाक्य मिळते, म्हणून प्रस्तुत लेखात त्यांचा विचार काहीसा विस्ताराने केला आहे.

कुटुंब व शिक्षण

भाभांचा जन्म मुंबईतील एका सुशिक्षित व संपन्न पारशी कुटुंबात झाला. वडील जहांगीर हे वकील होते, तर आजोबा हॉर्मसजी हे म्हैसूर संस्थानात शिक्षण खात्याचे प्रमुख होते. भाभांच्या आत्या मेहेरबाई यांचा विवाह जमशेटजी टाटा यांचे पुत्र सर दोराबजी टाटा यांच्याशी झाला होता. त्यामुळे टाटा घराण्याशी भाभांचा संबंध बालपणापासूनचा होता. कॅथीड्रल अँड जॉन कॉनन शाळा, एल्फिन्स्टन महाविद्यालय व रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स येथे शिक्षण घेऊन १९२७ मध्ये ते केंब्रिजच्या गॉनव्हिल अँड कीज महाविद्यालयात दाखल झाले.

होमीने यंत्र अभियांत्रिकी शिकून जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात काम करावे, अशी वडिलांची व दोराबजींची इच्छा होती. केंब्रिजमध्ये मात्र भाभांचा ओढा गणित व भौतिकशास्त्राकडे वळला. आपला पिंड अभियंत्याचा नाही, हे त्यांनी १९२८ मध्ये वडिलांना पत्राने निःसंदिग्धपणे कळवले. वडिलांनी रागावून नकार दिला नाही. आधी अभियांत्रिकीची परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण व्हावी, मग गणितासाठी आणखी दोन वर्षांचा खर्च करू, अशी अट त्यांनी घातली. भाभांनी १९३० मध्ये अभियांत्रिकीची आणि १९३२ मध्ये गणिताची ट्रायपॉस परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण करून ती पाळली. पुढे अणुभट्ट्या उभारताना त्यांना हे अभियांत्रिकीचे शिक्षण उपयोगी पडले, हे वेगळे सांगायला नको.

त्यानंतर शिष्यवृत्तीवर त्यांनी झुरिक येथे पाउली व रोम येथे फेर्मी यांच्या सहवासात काम केले. विश्वकिरणांच्या शोषणाविषयीचा त्यांचा पहिला संशोधनलेख १९३३ मध्ये एका जर्मन नियतकालिकात प्रसिद्ध झाला. १९३५ मध्ये केंब्रिज येथे आर. एच. फाउलर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी पीएच.डी. मिळवली.

भाभा प्रकीर्णन

दोन कण परस्परांजवळून जाताना त्यांच्यातील बलामुळे त्यांचे मार्ग बदलतात आणि ते निरनिराळ्या दिशांना विखुरतात. या क्रियेला प्रकीर्णन म्हणतात. किती कण कोणत्या कोनात विखुरतील याचा हिशेब मांडता आला, की न दिसणाऱ्या बलाचे स्वरूप कळते. म्हणून मूलकणांच्या अभ्यासात प्रकीर्णनाला मध्यवर्ती स्थान आहे.

दोन इलेक्ट्रॉनांच्या प्रकीर्णनाचे गणित डॅनिश शास्त्रज्ञ म्यॉलर यांनी १९३२ मध्ये सोडवले होते. त्यात एक पेच असतो. दोन्ही कण तंतोतंत सारखे असल्यामुळे टक्करीनंतर समोर आलेला इलेक्ट्रॉन मूळचा पहिला की दुसरा, हे ठरवताच येत नाही. कॅरमच्या पटावर दोन पांढऱ्या सोंगट्या आपटल्या, तर निदान डोळ्यांनी माग काढता येतो. अणुविश्वात तीही सोय नाही. त्यामुळे दोन्ही शक्यता एकत्र धरून गणित करावे लागते. यालाच विनिमय म्हणतात.

त्याच वर्षी अँडरसन यांना विश्वकिरणांत पॉझिट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनाइतकेच वस्तुमान पण धन विद्युतभार असलेला कण, सापडला. डिरॅक यांच्या सिद्धांतानुसार पॉझिट्रॉन म्हणजे ऋण ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांनी भरलेल्या अथांग सागरातील एक रिकामी जागा. मग प्रश्न असा, की इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांच्या टक्करीत विनिमयाचा परिणाम दिसेल का? पॉझिट्रॉन हा सर्वस्वी स्वतंत्र कण असेल, तर दिसू नये, कारण इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन सहज वेगळे ओळखता येतात. परंतु तो डिरॅकच्या सागरातील पोकळी असेल, तर समोरचा इलेक्ट्रॉन त्या पोकळीत पडू शकतो आणि त्याच वेळी सागरातून नवा इलेक्ट्रॉन वर येऊन नवी पोकळी निर्माण होऊ शकते. आजच्या भाषेत, दोन्ही कण परस्परांना नष्ट करतात आणि त्यांच्या ऊर्जेतून नवी जोडी जन्मते.

भाभांनी ही दुसरी शक्यता हिशेबात घेऊन संपूर्ण सूत्र काढले. त्यात केवळ परस्परांवरून विखुरण्याचे पद, नष्ट होऊन पुन्हा जन्मण्याचे पद आणि या दोहोंच्या व्यतिकरणाचे पद अशी तीन पदे येतात. कणांचा वेग कमी असताना हा जादा परिणाम नगण्य असतो. वेग प्रकाशाच्या जवळपास गेला की तो प्रयोगात मोजता येईल इतका वाढतो. हा लेख १९३६ मध्ये रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध झाला. तो प्रसिद्ध झाला तेव्हा भाभा अवघे सव्वीस वर्षांचे होते.

हे सूत्र आजही रोजच्या वापरात आहे. इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांची टक्कर घडवणाऱ्या यंत्रांत किती टकरा झाल्या हे अचूक कळल्याशिवाय इतर कोणत्याही मोजमापाला अर्थ नसतो. लहान कोनातील भाभा प्रकीर्णनाच्या घटना मोजून ही संख्या ठरवली जाते; ते जणू या यंत्रांचे वजनमाप आहे. जिनिव्हाजवळील सर्न प्रयोगशाळेत १९८९ ते २००० या काळात चाललेल्या, २७ किलोमीटर परिघाच्या वेगवर्धकात हीच पद्धत होती. निसर्गात हलक्या न्यूट्रिनोंचे तीनच प्रकार आहेत हा तेथील निष्कर्ष या मोजणीवर आधारलेला आहे. तेथून मिळालेला आकडा बरीच वर्षे २.९८४ असा होता. भाभा प्रकीर्णनाचा हिशेब अधिक काटेकोरपणे केल्यावर तो २.९९६ झाला, म्हणजे तीनच्या आणखी जवळ आला. मूळ लेखानंतर ऐंशीहून अधिक वर्षांनी झालेली ही दुरुस्ती आहे.

विश्वकिरणांचे वर्षाव आणि मेसॉन

अवकाशातून येणारे विश्वकिरण वातावरणात शिरल्यावर एकाएकी असंख्य कणांचा वर्षाव होतो, असे निरीक्षणांत दिसत होते. त्याची उपपत्ती भाभा व ब्रिस्टल येथील वाल्टर हाइटलर यांनी १९३७ मध्ये दिली. वेगवान इलेक्ट्रॉन अणुकेंद्रकाजवळून जाताना मंदावतो व फोटॉन उत्सर्जित करतो. त्या फोटॉनपासून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी जन्मते. ते दोघे पुन्हा फोटॉन देतात. दर टप्प्याला संख्या दुप्पट होते असे ढोबळमानाने धरले, तर दहा टप्प्यांत एका कणाचे १,०२४ होतात. ऊर्जा वाटली जाऊन कमी झाली की वर्षाव ओसरतो. अमेरिकेत कार्लसन व ओपेनहायमर हेही त्याच सुमारास स्वतंत्रपणे याच निष्कर्षाला पोचले होते.

अतिशय उच्च ऊर्जेला पुंज सिद्धांत लागू पडतो की नाही, अशी शंका त्या काळी घेतली जात असे. वर्षावाच्या या गणिताने ती बरीचशी दूर केली. शिवाय शिशाचे जाड थर पार करणारे जे विश्वकिरण या हिशेबात बसत नव्हते, ते इलेक्ट्रॉन नसून इलेक्ट्रॉनापेक्षा जड असे नवे कण असले पाहिजेत, हेही त्यातून पुढे आले. या कणांना मेसॉन म्हणावे, असा आग्रह भाभांनी १९३९ मध्ये धरला व ते नाव रूढ झाले. त्यांपैकी वातावरणात आढळणाऱ्या कणाला आज म्यूऑन म्हणतात.

असा अस्थिर कण म्हणजे एक चालते घड्याळच आहे आणि सापेक्षता सिद्धांतानुसार वेगात असताना त्याचा क्षय लांबला पाहिजे, असे भाभांनी १९३८ मध्येच एका छोट्या टिपणात सुचवले होते. म्यूऑनचे सरासरी आयुष्य सुमारे २.२ मायक्रोसेकंद असते. एवढ्या अवधीत प्रकाशदेखील सुमारे ६६० मीटरच जातो. तरीही कित्येक किलोमीटर उंचीवर जन्मलेले म्यूऑन जमिनीपर्यंत पोचतात. याचे प्रायोगिक प्रत्यंतर रॉसी व हॉल यांनी १९४१ मध्ये दिले.

बंगलोर व टाटा मूलभूत संशोधन संस्था

१९३९ मध्ये भाभा सुट्टीसाठी मायदेशी आले आणि दुसऱ्या महायुद्धामुळे येथेच राहिले. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत, जेथे सी. व्ही. रामन भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते, त्यांनी विश्वकिरण संशोधन विभाग सुरू केला. १९४१ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. पुढे विख्यात गणिती म्हणून नावारूपाला आलेले हरीश-चंद्र येथे त्यांचे सहकारी होते.

१२ मार्च १९४४ रोजी भाभांनी सर दोराबजी टाटा विश्वस्तनिधीला पत्र लिहून मूलभूत संशोधनासाठी स्वतंत्र संस्था काढण्याची योजना मांडली. ही संस्था जून १९४५ मध्ये बंगलोरला सुरू झाली आणि वर्षअखेरीस मुंबईत पेडर रोडवरील ‘केनिलवर्थ’ बंगल्यात आली. १९४९ मध्ये तिने गेटवेजवळील जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत बस्तान हलवले. कुलाब्याच्या सध्याच्या वास्तूचे उद्घाटन जानेवारी १९६२ मध्ये पंतप्रधान नेहरूंनी केले. भाभा स्वतः चित्रे काढीत व पाश्चात्त्य संगीताचे जाणकार होते. संस्थेतील आधुनिक भारतीय चित्रांचा संग्रह त्यांच्याच आवडीतून उभा राहिला.

माणसे हेरून त्यांच्याभोवती विषय उभा करायचा, ही भाभांची पद्धत होती. १९६३ मध्ये त्यांच्या निमंत्रणावरून परतलेल्या गोविंद स्वरूप यांनी कल्याण व उटी येथे रेडिओ दुर्बिणी उभारल्या. पुणे जिल्ह्यातील खोडद येथील प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची महाकाय दुर्बीण ही त्याच परंपरेतली. सर्वांशीच त्यांचे सूर जुळले असे मात्र नाही. १९४६ पासून संस्थेत असलेले दामोदर धर्मानंद कोसंबी आणि भाभा यांच्यात मतभेद वाढत गेले. कोसंबी अणुऊर्जेऐवजी सौरऊर्जेचा पुरस्कार करीत. १९६२ मध्ये त्यांच्या नेमणुकीचे नूतनीकरण झाले नाही. मेघनाद साहा यांचाही स्वतंत्र संस्थांना आक्षेप होता, कारण त्यामुळे विद्यापीठांतील संशोधन दुर्बळ होईल असे त्यांना वाटे. हा आक्षेप निराधार होता असे म्हणता येत नाही.

अणुऊर्जा कार्यक्रम

ऑगस्ट १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग स्थापन झाला. तुर्भे येथील ‘अप्सरा’ अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी कार्यान्वित झाली. ती आशियातील, सोव्हिएत संघ वगळता, पहिली होय. १९५५ मध्ये जिनिव्हा येथे भरलेल्या अणुऊर्जेच्या शांततामय उपयोगांवरील पहिल्या जागतिक परिषदेचे अध्यक्षपद भाभांकडे होते. चीनने ऑक्टोबर १९६४ मध्ये अणुचाचणी केल्यावर त्यांनी आकाशवाणीवर केलेले भाषण आजही वादाचा विषय आहे. त्यात अण्वस्त्राच्या खर्चाचा मांडलेला अंदाज फार कमी होता, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे.

या जबाबदाऱ्यांची किंमत त्यांच्या स्वतःच्या भौतिकशास्त्राने मोजली. १९५० मध्ये अल्लाडी रामकृष्णन यांच्यासह वर्षावातील कणसंख्येच्या चढउतारांवर लिहिलेला लेख हा त्यांच्या उत्तरकालीन संशोधनातला. १९५५ नंतर त्यांच्या नावावर उल्लेखनीय सैद्धांतिक काम आढळत नाही.

मृत्यू

व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय बैठकीसाठी निघालेले भाभा २४ जानेवारी १९६६ रोजी एअर इंडियाच्या ‘कांचनजंगा’ विमानाला झालेल्या अपघातात मरण पावले. विमान जिनिव्हाला उतरण्याच्या तयारीत असताना माँ ब्लाँवर आदळले. विमानातील सर्व ११७ जण दगावले. विमानाचे एक दिशादर्शक उपकरण बिघडलेले होते, पर्वत ओलांडला आहे असा वैमानिकाचा समज झाला आणि नियंत्रण कक्षाने केलेली दुरुस्ती त्याला नीट उमगली नाही, असा निष्कर्ष चौकशीत निघाला. घातपाताच्या कथा अधूनमधून प्रसृत होतात. त्यांना पुराव्याचा आधार मिळालेला नाही.

सन्मान व स्मृती

भाभांना १९४२ मध्ये केंब्रिज विद्यापीठाचे ॲडम्स पारितोषिक आणि १९५४ मध्ये पद्मभूषण मिळाले. ते अविवाहित होते. तुर्भे येथील अणुऊर्जा केंद्राला जानेवारी १९६७ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. मुंबईत विज्ञानशिक्षणासाठी त्यांच्या नावाचे केंद्र आहे. बृहन्मुंबई विज्ञान अध्यापक मंडळाची, इयत्ता सहावी व नववीसाठीची डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा महाराष्ट्रातील शाळांत सुपरिचित आहे. बारामती-इंदापूरकडच्या विद्यार्थ्यालाही भाभांचे नाव बहुधा प्रथम या परीक्षेमुळेच कानी पडते.