उंबरठ्याशी थांबलेला कायदा

पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर कोरेगाव भीमा मागे पडले की शिक्रापूर लागते. सणसवाडी, रांजणगाव, चाकण येथील कारखान्यांत पोटासाठी आलेला कामगार या टापूत भाड्याची खोली शोधतो. त्याला प्रथम पगार विचारावा की आडनाव? हा प्रश्न आम्ही एकट्या शिक्रापूरला नव्हे, तर पुण्यात घर भाड्याने देणाऱ्या आमच्या सुशिक्षित वाचकांसही करीत आहोत. याच रस्त्यावर, भीमेच्या पुण्याकडील तीरावर, पेरणे येथील जयस्तंभास १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. भीमराव आंबेडकर यांनी भेट दिली होती. त्यांच्या चरित्रातील घटनाकार सर्वांस ठाऊक आहे. निवाऱ्यासाठी दारोदार फिरलेला तरुण मात्र आपल्या स्मरणातून निसटला आहे.

सुभेदार रामजी सकपाळ यांचा हा पुत्र १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मला. बालपण साताऱ्यास गेले. तेथे न्हावी त्याच्या केसांस हात लावीत नसे. घरची बहीण ते कापी. १९०१ साली वडिलांकडे जाण्यासाठी तो भावंडांसह मसूर स्टेशनावर उतरला, तेव्हा जात कळताच गाडीवान मिळेना. अखेर दुप्पट भाडे देऊन, गाडी स्वतः हाकून मुलांनी रात्रीची वाट धरली. प्यावयास पाणी मात्र कोठे मिळाले नाही. पुढे एल्फिन्स्टन कॉलेजातून तो पदवीधर झाला. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात व १९१६ साली लंडनला गेला. परदेशातील त्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत याचाच त्याला विसर पडला होता. त्याच अमेरिकेत काळ्या माणसास गोऱ्यांच्या वस्तीत घर मिळणे दुरापास्त होते, हेही येथे सांगितले पाहिजे.

१९१७ साली शिष्यवृत्तीच्या करारानुसार ते बडोद्यास नोकरीवर रुजू होण्यास गेले. राहावे कोठे? हिंदूंच्या खाणावळी बंद. एका पारशी विश्रामगृहात पारशी नाव धारण करून, दिवसाला दीड रुपया भाडे देऊन ते वरच्या मजल्यावर एकटे राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले दहा-बारा पारशी दारात उभे ठाकले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे त्यांनी फर्मावले. दिवाणांकडे सरकारी बंगला मागितला होता, तो मिळेना. एका हिंदू स्नेह्याने घरचे नोकर निघून जातील म्हणून असमर्थता दर्शविली. एका ख्रिस्ती स्नेह्याने पत्नीच्या संमतीची सबब पुढे केली. कामाठी बागेत बसून अश्रू ढाळलेल्या या विद्वानाने रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. महाराजांची कृपा, सरकारी हुद्दा, विलायती विद्या यांपैकी एकालाही खाजगी घराचा उंबरठा ओलांडता आला नाही. त्या दिवशी तीन धर्मांची माणसे एका गोष्टीत एक झाली, म्हणून दोष कोणा एका समाजाच्या माथी मारता येणार नाही.

मुंबईत परळच्या इम्प्रुव्हमेंट ट्रस्टच्या चाळीतील दोन खोल्यांत त्यांचा संसार व अभ्यास चालला. त्यानंतर दादरला त्यांनी स्वतःचे राजगृह बांधले. सर्वांना असे घर बांधता येत नाही. म्हणूनच कायद्याची गरज पडते. २६ जानेवारी १९५० रोजी अंमलात आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमाने दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले, विहिरी व तलाव सर्वांस खुले केले, सतराव्याने अस्पृश्यता नष्ट केली. पंधराव्या कलमाच्या त्या यादीत भाड्याचे खाजगी घर मात्र नाही. १९५५ च्या कायद्याने, ज्यास पुढे नागरी हक्क संरक्षण अधिनियम हे नाव मिळाले, अस्पृश्यतेपायी कोणत्याही वस्तीत राहण्यास आडकाठी करणे हा गुन्हा ठरविला. पण घरमालक जातीचा उच्चारही करीत नाही. खोली कालच गेली, एवढेच तो सांगतो. अशा सौम्य वाक्यावर खटला उभा करणे किती कठीण! शिवाय केवळ मुसलमान म्हणून कोणास घर नाकारले, तर हा अधिनियम त्याच्या उपयोगी पडत नाही. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका गृहसंस्थेचा, सभासदत्व पारशांपुरतेच राखण्याचा नियम वैध ठरविला.

मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याच्या आत, ११ एप्रिल १९६८ रोजी, अमेरिकेने वंश, वर्ण वा धर्म पाहून घर नाकारणे बेकायदा ठरविले. त्या कायद्यातही लहान घरमालकांसाठी अपवाद आहेत व त्याने तेथील भेद संपला असे नव्हे; परंतु नकार मिळालेल्यास दाद मागण्याची जागा तरी मिळाली. आपल्याकडेही जात व धर्म या दोन्हींना लागू पडणारा तसा स्पष्ट कायदा झाला पाहिजे, अशी आमची मागणी आहे. घर आमचे, तेव्हा भाडेकरूही आमच्या पसंतीचा, हा युक्तिवाद आम्हांस परिचित आहे. भाडे देण्याची ऐपत व वर्तन जरूर पाहावे. जन्म पाहण्याचा अधिकार मात्र मालकीतून येत नाही. चौदा एप्रिलला प्रतिमेस हार घालणाऱ्याने पंधरा एप्रिलला दारी आलेल्या भाडेकरूस आडनाव विचारून परत धाडले, तर त्या हाराचे मोल काय?