आकाशगंगेचे फोटो काढणारे एडवर्ड बर्नार्ड



आकाशगंगेचे फोटो हल्ली मोबाईलवर सारखे येत असतात. अंधाऱ्या जागी कॅमेरा स्टँडवर ठेवायचा, आकाशाचा मोठा भाग मावेल अशी लेन्स लावायची आणि पंधरा-वीस सेकंद शटर उघडं ठेवायचं. अशा फोटोत उजळ पट्ट्याच्या मधोमध काळे डाग आणि भेगा दिसतात. मुलं हमखास विचारतात, तिथे तारे का नाहीत? या प्रश्नाशी ज्यांनी आयुष्यभर झुंज घेतली, ते एडवर्ड एमर्सन बर्नार्ड शाळेत जेमतेम दोन महिने गेले होते.

त्यांचा जन्म १६ डिसेंबर १८५७ रोजी अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिल गावी झाला. वडील जन्माआधीच वारले. घरात अठराविश्वे दारिद्र्य, त्यात यादवी युद्धाचा काळ. लिहायला-वाचायला आईनेच शिकवलं. नऊ वर्षंही पुरी झाली नव्हती तेव्हा हा मुलगा एका फोटो स्टुडिओत कामाला लागला.

त्याचं काम काय होतं, ते नीट समजून घ्या. तेव्हा विजेचे दिवे नव्हते. फोटो मोठा करायला सूर्यप्रकाश लागायचा. स्टुडिओच्या छपरावर एक अवाढव्य कॅमेरा बसवलेला होता. सूर्य सरकतो, म्हणून तो कॅमेराही सूर्याबरोबर हळूहळू सरकवत राहावा लागे. दिवसभर चाकं फिरवत बसायचं. आधीची मुलं या कामावर झोपून जायची. एडवर्ड झोपला नाही. गंमत म्हणजे त्या कॅमेऱ्याचं नाव होतं ज्युपिटर, म्हणजे गुरू ग्रह.

रात्री घरी चालत येताना तो तारे बघायचा, पण नावं सांगणारं कुणी नव्हतं. पुढे एका ओळखीच्या माणसाने त्याच्याकडून थोडे पैसे उसने घेतले आणि तारण म्हणून एक पुस्तक ठेवलं. तो माणूस भुरटा चोर होता, पैसे काही परत आले नाहीत. पुस्तक मात्र खगोलशास्त्राचं निघालं. त्यातल्या नकाशावरून त्याने आपल्या ओळखीच्या ताऱ्यांची नावं शोधून काढली. १८७६ मध्ये त्याने पाच इंची दुर्बीण घेतली, किंमत ३८० डॉलर. वर्षभराच्या कमाईतला दोन तृतीयांश भाग! दुसऱ्याच वर्षी नॅशव्हिलला शास्त्रज्ञांचं अधिवेशन भरलं. तिथे सायमन न्यूकम या मोठ्या खगोलशास्त्रज्ञाने त्याला सुनावलं की गणित आल्याशिवाय या विषयात काही खरं नाही. तरुण एडवर्डला ते फार लागलं. पण त्याने शिकवणी लावली आणि गणित शिकला.

त्या काळी नवा धूमकेतू शोधणाऱ्याला २०० डॉलरचं बक्षीस मिळायचं. बर्नार्डनी एकामागून एक धूमकेतू शोधले आणि त्या पैशांतून घराचं कर्ज फेडलं. आयुष्यात त्यांनी असे पंधरा-सोळा धूमकेतू शोधले. १८८३ मध्ये व्हँडरबिल्ट विद्यापीठाने त्यांना शिष्यवृत्ती देऊन वेधशाळेत घेतलं आणि १८८८ मध्ये ते कॅलिफोर्नियातल्या डोंगरावरच्या लिक वेधशाळेत रुजू झाले. तिथली ३६ इंची दुर्बीण तेव्हा भिंगांच्या दुर्बिणींमध्ये जगात सर्वांत मोठी. संचालकांशी त्यांचं पटत नसे, त्यामुळे ती दुर्बीण त्यांना १८९२ पर्यंत मिळाली नाही. मिळाली तीही आठवड्यातून एक रात्र. त्याच वर्षी ९ सप्टेंबरच्या रात्री त्यांनी गुरूचा पाचवा उपग्रह शोधला. गॅलिलिओने चार उपग्रह शोधले त्याला तेव्हा २८२ वर्षं झाली होती.

या शोधाने ते जगप्रसिद्ध झाले. पण मला विचाराल तर त्यांचं खरं मोठं काम लहान लेन्सवर झालं. मोठी दुर्बीण आकाशाचा टिकलीएवढा तुकडा दाखवते, तिच्यात आकाशगंगा मावणार कशी? स्टुडिओत वाढलेल्या बर्नार्डना लेन्सची पारख होती. माणसांचे फोटो काढायची एक जुनी सहा इंची विलार्ड लेन्स वेधशाळेने आणली होती. तो कॅमेरा दुर्बिणीला बांधून त्यांनी १८८९ मध्ये आकाशगंगेचे फोटो काढायला सुरुवात केली. ताऱ्यांचे ढगच्या ढग पहिल्यांदाच एवढे स्पष्ट कागदावर आले. १८९४ मध्ये तर त्यांनी कंदिलातली, जेमतेम चार सेंटिमीटर रुंदीची लेन्स वापरून सबंध मृग नक्षत्राचा फोटो काढला. त्यात नक्षत्राला वेढणारी वायूची भलीमोठी कमान उमटली. पिकरिंग यांच्या फोटोत ती आधी आली होती, पण आज तिला बर्नार्डचंच नाव आहे.

हे फोटो काढणं सोपं नव्हतं. काचेच्या प्लेटवर अंधूक उजेड उमटायला तासन्‌तास लागायचे आणि तेवढ्या वेळात आकाश तासाला १५ अंश सरकतं. म्हणून दुर्बिणीतून एक तारा धरायचा आणि तो तारांच्या फुलीवरून हलू नये यासाठी हाताने सतत दुरुस्ती करत राहायचं. थंडी असो, वारा असो, डोळा काढायचा नाही. छपरावरच्या त्या पोराचंच हे काम, फक्त आता रात्री! आज ट्रॅकरची मोटर आपोआप करते ते हेच.

आता त्या काळ्या डागांकडे येऊ. ही ताऱ्यांच्या गर्दीतली भोकं आहेत, असं विल्यम हर्शेलच्या काळापासून मानलं जायचं. बर्नार्डही अनेक वर्षं तसंच मानत होते. १८९५ मध्ये ते शिकागो विद्यापीठाच्या यर्कीज वेधशाळेकडे आले. कॅथरिन ब्रूस या बाईंनी दिलेल्या ७,००० डॉलरमधून त्यांच्यासाठी दहा इंची लेन्सचा खास कॅमेरा तयार झाला. १९०५ मध्ये तो माउंट विल्सनवर नेऊन त्यांनी धनु, वृश्चिक या भागांचे अप्रतिम फोटो काढले. ज्येष्ठा ताऱ्याच्या शेजारी काळ्या भेगा तेजस्वी धुक्यातूनच निघालेल्या दिसत होत्या. भोक धुक्याला चिकटून कसं असेल? शंका वाढत गेली, पण खात्री नसताना बोलायचं नाही हा त्यांचा स्वभाव.

१९१३ च्या उन्हाळ्यात एका निरभ्र, चांदणं नसलेल्या रात्री ते धनु राशीचा फोटो घेत होते. तेवढ्यात छोटे छोटे ढग आकाशगंगेसमोरून जाऊ लागले. त्या उजळ पार्श्वभूमीवर ते शाईच्या थेंबांसारखे काळेकुट्ट दिसत होते. अगदी प्लेटवरच्या डागांसारखे! त्या क्षणी बर्नार्डना दिसलं की काळं म्हणजे रिकामं असलंच पाहिजे असं नाही, मध्ये काहीतरी आडवं आलेलं असू शकतं. १९१९ मध्ये त्यांनी १८२ काळ्या डागांची यादी छापली. तेव्हाही सगळेच डाग तसे आहेत असा दावा त्यांनी केला नाही. आज आपल्याला माहीत आहे की ते धूळ आणि वायूचे थंड ढग आहेत आणि त्यांच्यातच नवे तारे जन्मतात.

उन्हाळ्याच्या सुट्टीत गावाकडे मुक्काम असेल तर अमावास्येच्या आसपास उशिरा रात्री मुलांना दक्षिणेकडे वृश्चिक आणि धनु दाखवा. दिव्यांचा उजेड नसेल तर त्या काळ्या भेगा नुसत्या डोळ्यांनीही दिसतात.

शेवटची वर्षं आजारपणाची गेली. १९२१ मध्ये पत्नी ऱ्होडा गेल्या. आकाशगंगेच्या फोटोंचा ग्रंथ तयार करायचं काम चालूच होतं. छपाईत बारकावे जाऊ नयेत म्हणून प्रत्येक प्रतीत खऱ्या फोटोच्या प्रिंट लावायच्या ठरल्या होत्या. ७०० प्रतींसाठी ३५,७०० प्रिंट, आणि त्यातली प्रत्येक बर्नार्डनी स्वतः तपासली. ६ फेब्रुवारी १९२३ रोजी ते वारले तेव्हा ग्रंथ अपुराच होता. वेधशाळेचे संचालक एडविन फ्रॉस्ट आणि ऱ्होडाची भाची मेरी कॅल्व्हर्ट यांनी तो पुरा करून १९२७ मध्ये प्रसिद्ध केला. त्या काळ्या ढगांना आजही बर्नार्डचेच क्रमांक आहेत. मृगातला घोड्याच्या डोक्यासारखा दिसणारा ढग म्हणजे बर्नार्ड ३३.