नांव घेऊन प्रार्थना : पंडिता रमाबाईंचें चरित्र

निरोप घेणाऱ्या माणसाला आम्ही तुमच्यासाठीं प्रार्थना करूं असें सांगण्याची चाल आपल्या सर्व मंडळ्यांत आहे. वसई-विरारमधील तुळिंजकडे पाहा. तेथें आज नाना ठिकाणांहून पोटासाठीं आलेलीं कितीएक कुटुंबें राहतात. गांव सोडतांना हें वचन त्यांस मिळालेलें असतें, व मागें राहिलेल्यांस त्यांनींही तें दिलेलें असतें. गाडी सुटते, आणि पुष्कळदां नांवही मनांतून सुटतें. वचन देणारा लबाड असतो असें नाहीं. त्याच्या प्रार्थनेला नेमलेली वेळ नसते व नांवांची यादी नसते, एवढेंच. हीं दोन्ही ज्यांनीं राखलीं त्या पंडिता रमाबाईंची हकीकत या कामीं वाचण्यासारखी आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं गंगामूळच्या रानांत झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं लोकनिंदा सोसून पत्नीस संस्कृत शिकविलें होतें. आई लक्ष्मीबाईंनीं तें मुलीस दिलें. हें कुटुंब पुराण सांगत तीर्थोतीर्थीं फिरे. पुढें दुष्काळांत आईबाप व बहीण गेलीं. मुलांनीं रानांतील पानें खाऊन दिवस काढले, आणि रमाबाई व त्यांचे बंधु श्रीनिवास पायीं फिरत फिरत १८७८ सालीं कलकत्त्यास पोंचलीं. तेथें विद्वानांनीं त्यांस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. विवाह, कन्या मनोरमेचा जन्म व वैधव्य हीं सर्व चार वर्षांच्या आंत आलीं. १८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें त्यांचा बाप्तिस्मा झाला. ११ मार्च १८८९ रोजीं त्यांनीं मुंबईस विधवांसाठीं शारदा सदन काढलें. पुढच्या वर्षीं तें पुण्यास गेलें.

आतां जें सांगावयाचें तें १८९६ सालचें आहे. लोणावळ्यास ख्रिस्ती लोकांची उपासनेची छावणी भरली होती. रमाबाई सदनांतील विश्वास धरलेल्या १५ मुलींस घेऊन तेथें गेल्या. एके दिवशीं पहांटे त्या एकट्याच रानांत गेल्या, सूर्य उगवत होता, आणि त्या १५ जणींबद्दल त्यांनीं देवाचे आभार मानले. मग त्यांनीं एक मागणें मागितलें: पुढील वर्षाच्या छावणीपर्यंत ही संख्या १५ गुणिले १५, म्हणजे २२५, व्हावी. असा हिशेब घालून देवाकडे मागावें काय, असें कोणास वाटेल. आम्हांस तर त्यांत त्यांचा प्रामाणिकपणाच दिसतो. मोघम मागणाराला आपलें मागणें विसरणें सोपें जातें. त्या वेळीं सदनांत मुली पन्नासाच्या आसपास होत्या, जागाही फारशी नव्हती, आणि तीन वर्षांपूर्वीं धर्मांतराच्या भीतीनें अनेक पालकांनीं आपल्या मुली काढून नेल्या होत्या. २२५ येणार कोठून?

त्याच वर्षाच्या अखेरीस मध्यप्रांतांत भयंकर दुष्काळ पडला. रमाबाई बातमी ऐकून गुडघे टेकून बसल्या नाहींत असें नव्हे. पण गुडघे टेकून उठल्यावर त्या आगगाडींत बसल्या. सरकारी मदतीच्या छावण्यांत व गरीबखान्यांत त्या फिरल्या. तेथें हाडांचे सांगाडे झालेल्या पोरी दिसत, आणि कित्येकींवर भुकेहूनही वाईट संकट टपलेलें असे. आपल्या आईबापांचे शेवटचे दिवस त्यांस आठवले. हातांत पैसा नव्हता. तरी कांहीं महिन्यांत त्यांनीं सुमारें ३०० विधवा व मुली आणल्या. पुण्यांत प्लेगामुळें त्यांस ठेवूं देईनात, म्हणून त्यांस केडगांवच्या आपल्या शेतावर नेलें. प्रथम तंबू, मग छपरें, मग घरें. तेंच मुक्ति सदन. रानांतल्या पहांटेचें उत्तर असें आलें: उपाशी, आजारी, आणि रात्रंदिवस राबविणारें.

१८९८ सालीं इंग्लंडांत केझिक येथील सभेंत त्यांनीं भारतीय ख्रिस्ती लोकांतून एक लक्ष पुरुष व एक लक्ष स्त्रिया सुवार्तेसाठीं उठाव्यात म्हणून प्रार्थना मागितली. १९०० सालच्या दुष्काळानंतर मुक्तीचा संसार फार वाढला. मग १९०५ सालच्या जानेवारींत बाईंनीं मुलींस विचारलें, रोज ठराविक वेळीं जमून दुसऱ्यांसाठीं प्रार्थना करण्यास कोण येईल? सुमारें ७० जणी आल्या. आपल्यासाठीं, या देशांतील सर्व ख्रिस्ती मंडळीसाठीं व सर्व देशांतील मंडळ्यांसाठीं त्या प्रार्थना करूं लागल्या. जून महिन्यांत ही संख्या ५५० झाली, व त्या दिवसांतून दोनदां जमत. त्याच महिन्याच्या अखेरीस मुक्तींत मोठी जागृति झाली. त्या जागृतींतील रडणें व एकदम मोठ्यानें होणारी प्रार्थना यांवर त्या काळीं पुष्कळ टीका झाली. नांवांच्या याद्यांविषयीं मात्र लोक फारसें बोलले नाहींत. मुक्तींतील मुली हजारों माणसांचीं नांवें घेऊन दररोज प्रार्थना करीत. ज्यांचें तोंडही कधीं पाहिलें नाहीं अशांचीं तीं नांवें होतीं, आणि तीं घेणाऱ्या बहुतेक मुली अशा होत्या कीं त्यांचें स्वतःचें नांव घेऊन हांक मारणारें जगांत कोणी उरलें नव्हतें.

ज्या उपदेशकांस घरोघर फिरावें लागतें त्यांनीं या गोष्टीचा विचार करावा. दहा नांवें एका कागदावर लिहून तो शास्त्रांत ठेवण्यास शिक्षणाची फार गरज लागत नाहीं. ज्यास अक्षर येत नाहीं त्यानें मुलाकडून तीं वाचून घ्यावीं.

रमाबाईंचीं शेवटचीं वर्षें पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतरांत गेलीं. अशिक्षित बायकांसही कळावें अशी सोपी भाषा त्यांना हवी होती. छापखान्यांत खिळे जुळविण्याचें काम मुक्तींतील मुलीच करीत. २४ जुलै १९२१ रोजीं मनोरमाबाई वारल्या. सर्व काम जिच्या हातीं सोंपवावयाचें तीच कन्या आधीं गेली. इतक्यांसाठीं मागणाऱ्या आईला हें मागणें मिळालें नाहीं. तरी भाषांतर थांबलें नाहीं. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या स्वतः प्रभूकडे गेल्या, आणि १९२४ सालीं तें शास्त्र छापून बाहेर आलें. केडगांवचें घर अद्याप चालू आहे, व निराधार स्त्रियांस व मुलांस तेथें आजही आश्रय मिळतो.