पाण्याची रांग मोडणारा इंजिनिअर : फ्रेड क्युनी

भूकंप, पूर, युद्ध म्हटलं की आपल्याला आठवतात ब्लँकेट्स आणि बिस्किटांचे पुडे. पण निर्वासितांच्या छावणीत जीव घेतात ते हगवण आणि कॉलरा, म्हणजेच घाण पाणी. हे ओळखून आयुष्यभर काम केलेला माणूस म्हणजे फ्रेडरिक क्युनी.

जन्म १९४४ चा, वाढला टेक्सासमध्ये. व्हायचं होतं फायटर पायलट, पण ते जमलं नाही. १९६९ मध्ये बियाफ्राच्या युद्धात त्याने मदतकार्याचा गोंधळ पाहिला आणि वाट बदलली. डॅलसमध्ये त्याने ‘इंटरटेक्ट’ ही आपत्ती सल्लागार कंपनी काढली. १९७१ मध्ये कोलकात्याजवळ पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या छावण्या त्याने पाहिल्या. उतार, गटार, संडास आणि पाणी यांचा विचार आधी, तंबू नंतर, हे त्याचं गणित. १९७२ च्या मानाग्वा भूकंपानंतर त्याने तंबूंच्या लष्करी रांगा मोडून छोटे छोटे गट केले. १९७६ मध्ये ग्वाटेमालात भूकंप झाला. तिथे तयार घरं वाटण्यापेक्षा गावातल्या लोकांनाच भूकंपात टिकणारं घर बांधायला शिकवण्यावर त्याचा भर होता. मदत संपते, शिकलेलं उरतं!

त्याची खरी परीक्षा झाली सारायेव्होत. १९९२ पासून शहराला वेढा. वीज नाही म्हणून पंप बंद. लोक कॅन घेऊन रांगेत उभे राहायचे आणि वरून तोफगोळे पडायचे. जुलै १९९३ मध्ये अशाच एका रांगेत दहाहून अधिक माणसं गेली. क्युनीने टेक्सासमध्ये फिल्टर प्लांटचे सुटे भाग बनवून घेतले, तेही सी-१३० विमानाच्या पोटात बसतील अशा मापाचे. प्लांट उभा केला चक्क रस्त्याच्या बोगद्यात, गोळे लागू नयेत म्हणून! मिल्याच्का नदीचं पाणी उपसायचं, गाळायचं, क्लोरीन घालायचं आणि जुन्याच पाइपांतून घरोघरी सोडायचं. मशिनरी तयार होऊनही शहरातल्या अधिकाऱ्यांची परवानगी अनेक महिने अडली, पण शेवटी १९९४ मध्ये नळ वाहू लागले.

एप्रिल १९९५ मध्ये चेचन्यात मदतकार्यासाठी गेलेला क्युनी, दोन डॉक्टर आणि दुभाषी यांच्यासह बेपत्ता झाला. त्याचा मृतदेह कधीच सापडला नाही. वय फक्त पन्नास.

दोस्तहो, बोगद्यातल्या त्या प्लांटमध्ये नवं तंत्रज्ञान काहीच नव्हतं. पंप, फिल्टर, क्लोरीन, सगळं आपल्या सिलॅबसमधलंच. फरक एवढाच की ते कुठे आणि कसं बसवायचं, याचा विचार त्याने केला होता. पुढच्या वेळी लॅबमध्ये जार टेस्टचं रीडिंग शेजाऱ्याच्या जर्नलमधून उतरवताना एवढं जरूर आठवा!