बालगंधर्व आणि तीन मिनिटांची तबकडी

नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व (१८८८–१९६७). नाटकात त्यांच्या पदांना वन्समोअरवर वन्समोअर पडायचे, एकेक पद कितीतरी वेळ रंगायचं. ७८ आरपीएमच्या तबकडीवर मात्र एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं! १९१३ साली निघालेली गंधर्व नाटक मंडळी त्यांनी कर्जात बुडूनही राजेशाही थाटात चालवली. हिशोबात यांना नक्की केटी लागली असती! १९३२ साली मराठी बोलपट आला आणि प्रेक्षक तिकडे वळला. मग १९३५ साली ‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’त ते संत एकनाथ झाले. पण पुरुषवेषातले बालगंधर्व लोकांना रुचेनात. ते परत रंगभूमीवर आले, शालू नेसून. त्यांच्या ऐन उमेदीतलं गाणं आज ऐकायचं तर त्या तबकड्यांवरच, म्हणजे तीन-तीन मिनिटांत.