रेजिनाल्ड मिचेल : स्पिटफायर विमानाचे जनक

११ जून हा रेजिनाल्ड जोसेफ मिचेल यांचा स्मृतिदिन. दुसऱ्या महायुद्धातील 'स्पिटफायर' हे लढाऊ विमान बहुतेकांनी चित्रपटात तरी पाहिलेले असते. ते कागदावर उतरवणाऱ्या माणसाचे नाव मात्र फार थोड्यांना माहीत असते. त्यांचा हा थोडक्यात परिचय.

मिचेल यांचा जन्म २० मे १८९५ रोजी इंग्लंडमधील स्टॅफर्डशायर परगण्यात झाला. वडील शाळेचे मुख्याध्यापक होते, पुढे त्यांनी छपाईच्या धंद्यात जम बसवला. सोळाव्या वर्षी शाळा संपवून रेजिनाल्ड रेल्वे इंजिने बनवणाऱ्या कारखान्यात उमेदवारीला लागले. दिवसा तेलकट काम आणि रात्रशाळेत गणित, यंत्रशास्त्र, ड्रॉइंग असा क्रम. विद्यापीठाची पदवी त्यांच्याकडे कधीच नव्हती. आजच्या भरती नियमांत त्यांचा अर्ज छाननीतच बाद झाला असता!

१९१७ मध्ये ते साउदॅम्प्टनच्या 'सुपरमरीन' कंपनीत आले. पुढच्याच वर्षी फ्लॉरेन्स यांच्याशी विवाह झाला. त्या मुख्याध्यापिका होत्या आणि वयाने अकरा वर्षांनी मोठ्या. पंचविशीत मिचेल कंपनीचे मुख्य अभियंता झाले. लाजाळू स्वभाव, बोलताना किंचित अडखळणे, आणि ड्रॉइंगपुढे विचारात गढलेले असताना कोणी मध्ये बोलले तर भडकणारा राग, असे सहकारी त्यांचे वर्णन करीत. १९२८ मध्ये व्हिकर्स कंपनीने सुपरमरीन विकत घेतली, तेव्हा मिचेल यांनी आणखी पाच वर्षे राहिले पाहिजे अशी अट होती. ताळेबंदात माणसाची किंमत लिहिता येत नाही, पण खरेदीदाराला ती बरोबर कळली होती.

त्या काळी 'श्नायडर ट्रॉफी' ही पाण्यावरून उडणाऱ्या विमानांची शर्यत गाजत असे. १९२५ मध्ये बाल्टिमोरला मिचेल यांचे एस-४ विमान पाण्यात कोसळले, वैमानिक वाचला. त्यातून शिकून केलेल्या विमानांनी १९२७ आणि १९२९ च्या शर्यती जिंकल्या. सलग तिसऱ्यांदा जिंकले तर ट्रॉफी कायमची ब्रिटनची होणार होती, पण मंदीमुळे सरकारने हात आखडता घेतला. तेव्हा लेडी ह्यूस्टन या धनाढ्य बाईंनी एक लाख पौंड पदरचे दिले. १९३१ ची शर्यत ब्रिटनने जिंकली. खरे म्हणजे इटली आणि फ्रान्सची तयारीच न झाल्याने समोर कोणी नव्हते, पण त्याच महिन्यात एस-६बी विमानाने ताशी ६५५ किलोमीटरचा विश्वविक्रम केला. या शर्यतींनी खूप शिकवले: धातूचा सडपातळ सांगाडा, पातळ पंख, प्रचंड ताकदीचे इंजिन थंड कसे ठेवायचे, वगैरे.

एवढे करूनही त्यांचे पहिले लढाऊ विमान, टाइप २२४, फसले. चाके उघडी, पंख जाड, इंजिन थंड करण्याची पद्धत बेभरवशाची. वेग जेमतेम ३६५ किलोमीटर. आणि ते तयार होत असतानाच, ऑगस्ट १९३३ मध्ये, मिचेल यांच्या गुदाशयाच्या कॅन्सरवर मोठी शस्त्रक्रिया झाली. पोटाला कायमची पिशवी लागली. दुखणे उलटण्याची शक्यता डॉक्टरांनी लपवली नव्हती. आपल्या आजाराची खरी कल्पना त्यांनी कारखान्यात फारशी कोणाला दिली नाही. उलट १९३४ मध्ये त्यांनी विमान चालवण्याचा परवाना मिळवला, आणि फसलेले विमान बाजूला ठेवून नवे मांडायला घेतले.

या नव्या विमानाचे पंख लंबवर्तुळाकार होते. त्यांचा आकार ठरवण्यात बेव्हर्ली शेनस्टोन या कॅनेडियन तज्ज्ञाचा मोठा वाटा होता, हे सांगितले पाहिजे. पंख पातळ असूनही आत मिटणारी चाके आणि आठ मशीनगन त्यांत मावल्या. पुढे रोल्स-रॉइसचे मर्लिन इंजिन. ५ मार्च १९३६ रोजी ईस्टलीच्या धावपट्टीवरून ते प्रथम उडाले. सुधारणांनंतर वेग भरला ताशी सुमारे ५६० किलोमीटर. त्या वेळी ब्रिटिश हवाई दलाचे सर्वांत वेगवान लढाऊ विमान दुहेरी पंखांचे होते आणि ते ३७० च्या आसपास जाई. जूनमध्ये ३१० विमानांची मागणी आली. 'स्पिटफायर' हे नाव मात्र मिचेल यांना मुळीच आवडले नव्हते.

१९३७ च्या सुरुवातीला आजार उलटला. व्हिएन्नाला महिनाभर उपचार झाले, उपयोग झाला नाही. ११ जून १९३७ रोजी, वयाच्या ४२ व्या वर्षी, ते घरीच गेले. कारखान्यातून बाहेर पडलेले पहिले स्पिटफायर त्यांना पाहता आले नाही. ते १९३८ मध्ये उडाले. तो वक्र पंख बनवायला अवघड असल्याने उशीर झाला होता.

१९४० च्या हवाई लढाईत संख्येने जास्त होती ती हरिकेन विमाने. श्रेय मात्र स्पिटफायरला जास्त मिळाले. त्याच सप्टेंबरात साउदॅम्प्टनचा कारखाना बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाला. मिचेल यांनी शेवटी हाती घेतलेल्या बॉम्बफेकी विमानाचे अर्धवट नमुनेही त्यात गेले. जो स्मिथ या त्यांच्या सहकाऱ्याने मूळ आराखडा सुधारत नेला. इंजिनाची ताकद हजार अश्वशक्तीवरून दुपटीवर गेली, आणि एकूण वीस हजारांहून अधिक स्पिटफायर बनली.

आपल्या वडोदऱ्याशीही या विमानाचे नाते आहे. गायकवाड संस्थानाच्या मदतीची जाणीव म्हणून ब्रिटिश हवाई दलाच्या १२४ व्या तुकडीला 'बडोदा' हे नाव दिले होते. १९४१ मध्ये उभी राहिलेली ही तुकडी स्पिटफायरच उडवत असे. हैदराबादच्या नावाची १५२ वी तुकडीही स्पिटफायरचीच. भारतीय हवाई दलाच्या वैमानिकांनी ही विमाने ब्रह्मदेशच्या आघाडीवर आणि १९४७ मध्ये काश्मीरमध्ये वापरली.