खानखोजे यांची कवायत

नेवासा फाट्याच्या रस्त्याने पहाटे सैन्यभरतीसाठी धावणारी मुले दिसतात. त्यांतील काही माझ्या वर्गात बसतात आणि पहिल्याच तासाला डुलक्या घेतात. त्यांना रागवावेसे वाटत नाही. 2022 च्या योजनेनुसार अग्निवीराची नोकरी, प्रशिक्षण धरून, चार वर्षांची आहे आणि जास्तीत जास्त पंचवीस टक्क्यांना पुढे कायम करण्याची तरतूद आहे. उरलेल्यांच्या त्या शिक्षणाचे पुढे काय व्हावयाचे, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या अध्यापकाला टाळता येत नाही. अशा वेळी पांडुरंग सदाशिव खानखोजे आठवतात.

वर्ध्यास जन्मलेले खानखोजे लोकमान्यांच्या प्रेरणेने, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, युद्धविद्या शिकण्यासाठी परदेशी निघाले. हिंदी तरुणाला अधिकाऱ्याचे लष्करी शिक्षण त्या काळी स्वदेशात जवळजवळ अप्राप्यच होते. जपानकडून आशा होती. परंतु 1902 पासून जपान इंग्रजांचा दोस्त. तेथे डाळ शिजली नाही, म्हणून अमेरिका गाठली. तेथील सरकारी सैनिकी विद्यालयेही परक्या नागरिकाला सहज खुली नव्हती. बंदूक हाती येण्यापूर्वीच शिपाईगिरीचा निम्मा उत्साह जिरावा, असे हे दिवस होते. पोटासाठी अंगमेहनत करावी आणि उरल्या वेळात शेतीशास्त्र शिकावे, असा क्रम चालला.

अखेर कॅलिफोर्नियात सॅन राफेल येथील माउंट तमालपाइस मिलिटरी अकॅडमीत प्रवेश मिळाला. ही संस्था मुख्यतः शाळकरी वयाच्या मुलांची. विशी ओलांडलेल्या, मायभूमी सोडून आलेल्या माणसाने त्या पोरांच्या रांगेत उभे राहून पावले जुळवावयाची, यातला संकोच काही थोडा नसणार. तरीही शिक्षण पुरे करून त्यांनी पदविका मिळविली. ज्या एका गोष्टीसाठी घर सोडले, ती पदरी पडल्याचा तो क्षण होता.

पुढे 1913 साली गदर चळवळ उभी राहिली. तिच्या लढाऊ शाखेत खानखोजे प्रमुख होते. गंमत अशी, की चळवळीतील कित्येक पंजाबी मजूर इंग्रजांच्या फौजेत प्रत्यक्ष नोकरी करून आलेले होते. प्रमाणपत्र एकाजवळ, मुरलेला अनुभव दुसऱ्यांजवळ! पहिल्या महायुद्धात तुर्कस्तानमार्गे इराणात जाऊन ते इंग्रजांशी प्रत्यक्ष लढले, पकडले गेले, निसटले. अकॅडमीच्या मैदानावर यातले किती शिकविले असेल, याविषयी मला शंकाच आहे.

लढा फसला, मायदेशाची वाट बंद झाली. त्या वेळी उपयोगी पडली ती जोडीला घेतलेली दुसरी विद्या. 1913 सालीच वॉशिंग्टन स्टेट कॉलेजातून ते शेतीचे पदव्युत्तर पदवीधर झाले होते. 1924 साली मेक्सिकोस गेल्यावर चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिविद्यालयात त्यांनी अध्यापन केले, मक्याच्या सुधारित जातींवर संशोधन केले, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शाळा काढल्या. दिएगो रिव्हेरा या थोर चित्रकाराने त्यांना आपल्या भित्तिचित्रात भाकरी वाटणाऱ्याच्या रूपात रंगविले. सैनिक व्हावयास निघालेल्या माणसाचे हे चित्र!

आमच्या विद्यार्थ्यांनी धावणे सोडावे, असे मी म्हणणार नाही. घरी दोन एकर ऊस आणि डोक्यावर कर्ज असलेल्या मुलाला तसे सांगण्याचा अधिकार मला नाही. पण भरतीच्या तयारीसाठी पदवीचे दुसरे वर्ष अर्धवट सोडण्याचा अर्ज घेऊन कोणी आला, तर सही करण्यापूर्वी त्याला मी बसवून घेतो आणि वर्ध्याच्या या माणसाविषयी बोलतो.

खानखोजे 1949 साली भारतात आले, तेव्हा जुन्या काळ्या यादीतील नावामुळे त्यांना विमानतळावरच अडविण्यात आले होते. पुढे ते नागपुरात राहिले. 1967 च्या जानेवारीत तेथेच त्यांचे निधन झाले.